गौराबाईंचे सहा दिवसांचे पाहुणे

राणीसावरगावच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा खोली शोधत मी अर्धं गाव पालथं घातलं होतं. कुणी भाडं अवाच्या सवा सांगितलं, कुणी नवरा कुठं असतो ते विचारलं. एका घरी तर आडनावावरून पत्ता लागेना म्हणून सरळ जातच विचारली. शेवटी शाळेच्या शिपायानं मला कल्याणरावांच्या घरी नेलं. दुपारचे अडीच वाजले असतील. ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या गौराबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "जेवलात का?"

मी हो म्हणाले.

"खोटं बोलायलात. तोंड सुकून गेलंय," असं म्हणून त्या उठल्याच. ताट वाढलं, माझं जेवण झालं, मग खोलीचं बोलणं झालं. त्यांच्या घरात ही रीतच होती. आधी ताट, मग बाकीचं.

मी त्यांच्या पुढच्या खोलीत तीन वर्षं राहिले. त्या तीन वर्षांत त्या ओसरीवर कोण कोण जेवून गेलं, याची गणती नाही. वर्षातून दोनदा येणारे जंगम, मेंढरं घेऊन जाणारे धनगर, लसीकरणाच्या नर्सबाई, मीटर बघायला आलेला माणूस. सासऱ्यांनी मरताना सुनेला सांगितलं होतं म्हणे, "गौरा, आपल्या घरी दासोह हाय. दारात आलेला माणूस उपाशी जाऊ देऊ नगंस." गौराबाईंनी ते गळ्यातल्या लिंगाइतकंच जिवापाड जपलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कोणत्या जंगमाला भाकरी कडक लागते, कोणत्या नर्सबाईला वांगं चालत नाही, हे त्यांना पाठ होतं.

कल्याणराव याच्या उलट. उंच, वाळलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं मोजकं. सहा एकर काळं रान आणि एक जुना ट्रॅक्टर, यात ते खूश असत. मुलगा रुद्रेश पुण्याला कंपनीत होता. त्यांना एक मुलगीही होती, हे मला शेजारच्या धुरपताबाईंनी पहिल्याच महिन्यात कुजबुजत सांगितलं होतं. शिवरंजनी. परभणीला शिकायला होती. तिथं दुसऱ्या जातीच्या मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा रेल्वेत, पूर्णेला. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी कल्याणरावांनी विहिरीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली आणि घरात सांगितलं, "आजपासून ती मेली." मी आले तेव्हा याला आठ वर्षं झाली होती. घरात तिचा एक फोटो नव्हता. तिचं नाव मी त्या घरात कधी ऐकलं नाही.

गौराबाईंचं एकच दुखणं होतं, उजवा गुडघा. दोन महिन्यांतून एकदा त्या सकाळच्या बसनं गंगाखेडला गुडघ्याच्या डॉक्टरकडं जात. जायच्या आदल्या दिवशी गुडघा हमखास जास्त दुखे. मग संध्याकाळी कल्याणराव वाटीत करडीचं तेल गरम करत आणि ओसरीवर बसून स्वतःच्या हातानं त्यांचा गुडघा चोळत. गावात बायकोच्या पायाला हात लावणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही. मी एकदा तसं म्हणाले, तर ते म्हणाले, "म्याडम, चाळीस वर्षं ह्या पायांनी माझ्या रानात राबायलीय ती. मी काय उपकार करायलोय का?"

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते याच घरात झालं.

गेल्या वर्षी जानेवारीत अवकाळी पाऊस झाला. कुठं कुठं ज्वारी आडवी झाली आणि रस्त्यांचा चिखल झाला. आमच्याकडच्या काळ्या मातीचा चिखल ज्यानं पाहिला नसेल त्याला तिचा चिकटपणा कळायचा नाही. चप्पल सोडा, पायाची कातडी ओढून घेते ती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्याणराव रानातून ट्रॅक्टर घेऊन आले तेव्हा मागं दोरखंडानं बांधलेली एक मोठी पांढरी गाडी घरंगळत येत होती. तिच्यावर निळ्या रंगात डोंगर काढलेले. छतावर सोलर आणि सायकल.

गाडीतून पस्तिशीचं एक जोडपं उतरलं, आदिनाथ आणि नीलम. दोघं पुण्याचे. नोकऱ्या सोडून टेम्पो ट्रॅव्हलरचं घर करून घेतलं होतं आणि वर्षभर त्यातच राहत होते. परळीचं दर्शन करून औंढ्याला निघाले होते. मोबाईलच्या नकाशानं जवळची म्हणून शेतांमधली पांदीची वाट दाखवली, गाडी रुतली आणि खाली दगड लागून ऑइलचं चेंबर फुटलं. रानात दोन तास उभे होते. दोन मोटारसायकली थांबल्या, फोटो काढून गेल्या. तिसरे कल्याणराव.

"आधी हातपाय धुवा," गौराबाई म्हणाल्या. "मग सांगा काय झालं ते."

नीलम संकोचली. "काकू, आमच्या गाडीत गॅस आहे, सगळं सामान आहे. आम्ही करून घेऊ. फक्त गाडी लावायला जागा द्या."

"माझ्या दारात तुमी चूल पेटवणार व्हय?" गौराबाईंचा चेहराच उतरला. "लोक काय म्हणतील मला?"

त्या रात्री ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि लसणाची चटणी झाली. आदिनाथनं पाच भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी गंगाखेडहून मिस्त्री आला. त्यानं गाडीखाली डोकं घातलं आणि सांगितलं, चेंबर नांदेडहून मागवावं लागेल, पाच-सहा दिवस लागतील. आदिनाथनं लॉज कुठं आहे असं विचारलं, तर कल्याणरावांना रागच आला. "लॉजात ऱ्हायला आमी मेलो का?" असं म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच ऐकत असे.

गाडी अंगणात उभी राहिली. तिला वीज माझ्या खोलीतून दिली. सगळं गाव बघायला आलं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, एवढंसं न्हाणीघर. पोरांनी तिचं नाव 'घरवाली गाडी' ठेवलं आणि म्हातारे त्या नावावर पोट धरून हसले. गौराबाई आत एकदाच गेल्या. सगळीकडं हात लावून पाहिलं आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणाल्या, "सगळं हाय म्याडम. पर पाव्हणा आला तर बसवायचा कुठं?"

त्या पाच-सहा दिवसांत नीलम त्यांच्या मागं मागं असे. भाकरी थापायला शिकली, हुरड्याला रानात गेली, गौराबाईंच्या वेणीला तेल लावून दिलं. ती सगळ्याचे व्हिडिओ करायची. त्यांचं मोबाईलवर चॅनल होतं, लाखो लोक बघत होते. गौराबाईंना त्याचं काही नव्हतं. पदर डोक्यावरून नीट घेऊन त्या विचारायच्या, "आता चालू हाय का बंद?" नीलम सांगे, "चालू आहे काकू," की त्या गप्प. "बंद," म्हटलं की पुन्हा बोलायला लागत.

पाचव्या दिवशी नीलमनं धपाट्यांचा व्हिडिओ केला. त्या दिवशी तिनं गौराबाईंच्या पदराला बिब्ब्याएवढी एक काळी वस्तू चिमट्यानं लावली होती. आवाज नीट यावा म्हणून. मी शाळेतून पाचला आले तेव्हा धपाटे कधीचेच झाले होते. नीलम गौराबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, दोघींचे डोळे लाल होते. उद्या जायचं म्हणून वाईट वाटतंय, असं मला वाटलं. मी चहा ठेवला.

सहाव्या दिवशी चेंबर बसलं. निघताना गौराबाईंनी नीलमची खणानारळानं ओटी भरली. सोबत धपाटे, शेंगांची चटणी आणि पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या. नीलम त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, "माझं माहेर झालं हे." गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत गौराबाई रस्त्यात उभ्या होत्या.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, माझ्या मोबाईलवर नीलमचा निरोप आला. 'मॅडम, आपल्या गावाचा व्हिडिओ टाकलाय. काका-काकूंना नक्की दाखवा.' मी तो आधी एकटीनं पाहायला हवा होता. ही माझी चूक, ती मी आजही मनातून काढू शकत नाही. मी उलट धावत आत गेले आणि कल्याणरावांच्या टीव्हीला फोन जोडून दिला. कल्याणरावांनी कधी नव्हे ते हौसेनं शेजारच्या आबासाहेबांना बोलावलं. धुरपताबाई आल्या, आणखी दोघी-तिघी आल्या. गौराबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या, लाजून.

चिखलात रुतलेली गाडी दिसली, कल्याणरावांचा ट्रॅक्टर दिसला. आबासाहेब म्हणाले, "कल्याणराव, हिरो झालात की!" भाकरी, हुरडा, नीलमची वाकडी भाकरी. सगळे हसत होते. मग पडद्यावर आमचीच ज्वारीची शेतं आली, वाऱ्यानं हलणारी, आणि मागून हळू वाद्य वाजायला लागलं. त्यावर गौराबाईंचा आवाज आला.

"रडू नगं बाई. तुही आई बोलंना म्हून तिला माया न्हाई असं न्हाई. माझी बी एक हाय." इथं मुलीच्या नावाच्या जागी नुसता 'टूं' असा आवाज होता. "ह्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. पर मी जाते की. दोन महिन्याला एकदा. गुडघ्याच्या डॉक्टरकडं चालले म्हून सांगते. गंगाखेडच्या टेसनावर ती पूर्णेवरून गाडीनं येती. दोन तास बसतो आमी बाकड्यावर. माझा गुडघा काय बी दुखत न्हाई बाई. ह्यांना ठावं न्हाई. अन् तिला बी मी खोटंच सांगते. शेंगा नेते, गूळ नेते, अन् म्हणते, तुह्या बाबांनी पाठवलं. बाबा वरून बोलत न्हाईत, पर आतून त्यांचा राग गेलाय. ती लय खूश व्हती. घरी नेऊन सासूला दाखवती, माझ्या माहेराहून आलं म्हून."

मग पडद्यावर गौराबाईंचा चेहरा आला. धपाटे थापताना त्या हसल्या होत्या तो चेहरा. खाली अक्षरं होती, 'या आईचं गुपित ऐकून आम्ही दोघंही रडलो.'

गौराबाई म्हणाल्या, "म्याडम, बंद करा." मी फोन हातात घेतला, पण घाईत भलतीकडंच बोट पडत होतं, बंद होईना. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला.

कल्याणराव शेवटपर्यंत बसून राहिले. संपल्यावर आबासाहेबांना म्हणाले, "चहा घेऊन जावा." एवढं झाल्यावर ते उठले आणि रानाकडं निघून गेले. चहा कुणी घेतला नाही.

ते अंधार पडताना परत आले. त्यांची ओसरी आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत आहे. मी कान देत नव्हते, पण ऐकू आलं.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "अकरा वर्षं मी त्या गुडघ्याला माझ्या हातानं तेल लावलं, गौरा."

भिंतीपलीकडं गौराबाईंच्या बांगड्या वाजल्या.

"तू मला सांगितलं असतंस, मी भांडलो असतो. शिव्या दिल्या असत्या. पर तू मला येडा केलंस. माझ्या हाताला येडा केलंस."

त्यानंतर ते त्यांच्याशी बोलले नाहीत. जेवण समोर आलं की जेवत, ताट स्वतः उचलून नेत. बाहेरून काही आणायचं असलं की माझ्याकडं बघून बोलत. त्यांना शिवरंजनीचा राग आला असता तर मला समजलं असतं. अकरा वर्षांचा राग होता, सवयीचा झाला होता. पण हे वेगळं होतं. आपल्या घरात आपल्यापासून अकरा वर्षं काहीतरी लपवलं होतं आणि ते आपल्याला परक्या माणसाच्या व्हिडिओतून, शेजाऱ्यांसमोर कळलं. त्यानं ते मोडून गेले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधीच गौराबाई माझ्या खोलीत आल्या. रात्रभर झोपल्या नव्हत्या. "त्या पोरीला फोन लावा," म्हणाल्या. मी लावला, आवाज मोठा केला.

"काकू!" नीलम आनंदानं ओरडली. "बघितलात? एका दिवसात चार लाख लोकांनी बघितलाय!"

"नीलम, तू तर बंद हाय म्हणली व्हतीस."

नीलमचा आवाज उतरला. मग म्हणाली, "कॅमेरा बंदच होता काकू. माईक तुमच्या पदरालाच राहिला होता. चुकून."

"राहिला चुकून. पर टाकला तर चुकून न्हाई ना?"

"मी नाव काढलंय काकू. तुमच्या मुलीचं नाव कुठेच नाही."

"तोंड तर माझंच हाय. गाव माझं हाय. टेसन बी सांगितलंस."

"काकू, तुम्ही खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचायला सांगा मॅडमना. लोक रडतायत. एका मुलीनं लिहिलंय, सहा वर्षांनी मी आज आईला फोन केला. तुमच्यामुळे."

"तिनं केला," गौराबाई म्हणाल्या. "माझी करंना."

हे खरं होतं. काल संध्याकाळपासून त्यांनी शिवरंजनीला सात-आठ वेळा फोन लावला होता. शिवरंजनीनंच त्यांच्या साध्या फोनमध्ये तो नंबर 'डॉक्टर' या नावानं भरून दिला होता. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पहिल्या बटणावर तो आहे हे माहीत होतं. पलीकडून कुणी उचलत नव्हतं. पूर्णेतही लोकांकडं मोबाईल आहेत.

नीलमनं तेवढा भाग कापायचं कबूल केलं आणि दोन दिवसांनी कापलाही. पण तोवर तो तुकडा किती जणांच्या फोनवर गेला होता, कोण सांगणार? गंगाखेडच्या एका दुकानदारानं तो आपल्या बायकोला दाखवला, तिनं माझ्याच शाळेतल्या बाईंना पाठवला, त्यांनी मला दाखवला.

फोन ठेवल्यावर गौराबाई बराच वेळ माझ्या कॉटवर बसून होत्या. मला एक गोष्ट टोचत होती, ती मी बोलून गेले. "तीन वर्षं मी इथं राहतेय. मला कधी बोलला नाहीत."

त्या म्हणाल्या, "तुमी इथंच ऱ्हाता की, म्याडम. तुमाला सांगितलं तर ते इथंच ऱ्हातं. ही पोर आई बोलत न्हाई म्हून रडाया लागली, मला ऱ्हावलं न्हाई. अन् मला वाटलं, ही जाईल तिच्या गावाला, बोललेलं बी तिच्यासंग जाईल." मग विचारलं, "तिची आई खरंच बोलत नव्हती का, म्याडम?"

त्या रात्री मी नीलमचे जुने व्हिडिओ काढून बसले. आदल्याच दिवाळीचा एक सापडला. त्यात तिची आई तिला करंजी भरवत होती आणि दोघी कॅमेऱ्याकडं बघून हसत होत्या. कदाचित मधल्या तीन महिन्यांत काही भांडण झालं असेल. कदाचित ती सासूबद्दल बोलत असेल आणि गौराबाईंनी आई ऐकलं असेल. मी अशा खूप शक्यता स्वतःला सांगून पाहिल्या. गौराबाईंना मात्र ते कधी सांगितलं नाही.

मार्चमध्ये, परीक्षेच्या आधीच्या रविवारी, शिवरंजनी आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण फाटकातून आत येताना ओळखलं. बापाचीच उंची, बापाचंच चालणं. कल्याणराव ओसरीवर बसले होते. गौराबाई आतून धावत आल्या, हातात पाण्याचा तांब्या. "आत ये, माय."

"आत यायला न्हाई आले," शिवरंजनी म्हणाली. ती पायरीच्या खालीच उभी राहिली. "बाबांना एक विचारायला आले." तिनं वडिलांकडं पाहिलं. "दर खेपेला शेंगा यायच्या. गूळ यायचा. माझी अर्पिता पाच वर्षांची झाली तवा परकर-पोलकं आलं. ते तुमी पाठवलं व्हतं का?"

कल्याणराव खाली बघत होते. ते खोटं बोलू शकले असते. 'हो' म्हणायला किती वेळ लागला असता? गौराबाई त्यांच्याकडं अशा बघत होत्या की मला ते बघवेना.

"न्हाई," ते म्हणाले.

"तुमाला ठावं असतं तर?"

"पाठवू दिलं नसतं."

शिवरंजनीनं मान हलवली. मग आईकडं वळली. "तू सांगायचीस, आजोबा विचारायलेत, अर्पिता शाळेत कितवी आली. आजोबा म्हणायलेत, पोरीला सायकल शिकव. आई, हे बी सगळं तूच?"

गौराबाईंनी मानेनंच हो म्हटलं.

"मी माझ्या पोरीला आजोबांच्या गोष्टी सांगितल्या गं," शिवरंजनी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "सासूसंग भांडले. म्हणले, माझे बाबा तुमच्यासारखे न्हाईत, त्यांनी मला माफ केलंय. आता ती व्हिडिओ दाखवून हसती मला."

"मला तुझं तोंड हसरं बघायचं व्हतं, शिवा. दोनच तास असायचे आपल्याला."

"ते दोन तास बी खोटेच निघाले."

ती आली तशी निघाली. गौराबाई तांब्या तिथंच ठेवून अनवाणी तिच्यामागं बसस्टँडपर्यंत गेल्या. बस येईपर्यंत दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत, असं धुरपताबाईंनी नंतर सांगितलं.

ओसरीवर मी आणि कल्याणराव होतो. "म्याडम," त्यांनी विचारलं, "मी खोटं बोलाया पायजे व्हतं का?"

मी पायरीवरचा तांब्या उचलून आत नेला.

त्यानंतर काही दिवस गौराबाईंनी दुपारचं फाटक लावून घेतलं. दारासमोरून जाणाऱ्या माणसाला हाक मारली नाही. मला वाटलं, त्या घरातली रीत संपली. पण चैत्रात एक मेंढरंवाला म्हातारा फाटकाशी उभा राहून पाणी मागायला लागला, तेव्हा त्यांनी फाटक उघडलं, पाणी दिलं, मग भाकरीही दिली. तो कुठला, त्याची पोरं किती, हे मात्र काही विचारलं नाही. पूर्वी त्याची सात पिढ्यांची खबर काढली असती. मला म्हणाल्या, "खाऊ घालीन. बोलणार न्हाई."

आणि त्यांनी एक केलं. मार्च संपताना एका सकाळी नवं लुगडं नेसून ओसरीवर आल्या आणि कल्याणरावांच्या समोर उभं राहून म्हणाल्या, "मी गंगाखेडच्या टेसनावर चालले. पोरीला भेटायला." कल्याणरावांनी पाहिलं नाही, अडवलंही नाही. त्या ताठ चालत बसस्टँडला गेल्या. गंगाखेडच्या फलाटावर पूर्णेची गाडी आली, गेली. शिवरंजनी उतरली नाही. एप्रिलमध्ये पुन्हा तसंच सांगून गेल्या. पुन्हा ती आली नाही. दोन्ही वेळा त्या परतीची गाडी जाईपर्यंत बाकड्यावर बसून राहिल्या आणि मग घरी आल्या.

मे महिन्यात शाळेला सुट्टी होती म्हणून तिसऱ्या वेळी मी सोबत गेले. आदल्या दिवशी मी शिवरंजनीला तसा मेसेज टाकला होता. फलाटावर ऊन तापलं होतं. गाडी आली तशा त्या उभ्या राहिल्या आणि एकेक डबा बघायला लागल्या. पाचव्या डब्यातून एक सावळा, चष्मेवाला माणूस उतरला, हाताला धरून आठ-नऊ वर्षांची मुलगी. तो परमेश्वर, त्यांचा जावई. अकरा वर्षांत तो त्यांना पहिल्यांदा भेटत होता. शिवरंजनी मुलीला बरोबर आणायची, पण त्याला तिनं कधी येऊ दिलं नव्हतं.

त्यानं वाकून नमस्कार केला. "ती न्हाई आली," तो म्हणाला. "तिचा राग जायला वेळ लागंल. पर काल रातच्याला म्हणली, आजीला पोर दाखवून आणा. म्हून आलो."

अर्पिता आजीला बिलगली. पिशवीत डोकावली आणि सवयीनं विचारलं, "आजोबांनी काय पाठवलं?"

गौराबाईंनी एकदा परमेश्वरकडं पाहिलं. "आजोबांनी काय न्हाई पाठवलं, राणी," त्या म्हणाल्या. "हे मी आणलंय. घे."

मुलीनं शेंगा घेतल्या आणि फोडून खायला लागली. तिला त्यानं फारसा फरक पडलेला दिसला नाही. परमेश्वर मात्र मान फिरवून रुळांकडं बघत राहिला.

जूनमध्ये माझी बदली सेलू तालुक्यात, देवगाव फाट्याजवळच्या शाळेत झाली. निघताना गौराबाईंनी मला पोटभर जेवू घातलं, पण ओटी भरताना त्यांचे हात रेंगाळले, हे मला दिसलं. मीही नीलमसारखी त्यांच्या दारातून जाणारी बाईच होते. कल्याणरावांनी सामान टेम्पोत चढवून दिलं.

आता आमचं अधूनमधून फोनवर बोलणं होतं. कल्याणराव कामापुरतं बोलायला लागलेत, असं त्या सांगतात. "ट्रॅक्टरची चावी कुठं हाय, मीठ कमी हाय, एवढंच." परमेश्वर दोन महिन्यांतून एकदा मुलीला घेऊन स्टेशनवर येतो. नागपंचमीच्या सकाळी शिवरंजनीचा स्वतःचा फोन आला होता, दोन मिनिटांचा. काय बोलली, हे गौराबाईंनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.